एकशे एक नंबरचा पलंग

माझ्या नातीचं, समृद्धीचं, लग्न झालं ते २०२२ साल. करोनामुळे तिची तारीख दोनदा पुढे गेली होती, त्यामुळे तिसऱ्या वेळी कोपर गावातलं कुणी घरी थांबलं नाही. हळदीला एवढी माणसं लोटली की मांडव रस्त्यावर गेला आणि रिक्षा मांडवातून ये-जा करू लागल्या. आमच्या हॉटेलचं त्या हळदीतच ठरलं, आणि ते समृद्धीच्या मामामुळे.

मामा म्हणजे माझ्या सुनेचा, मायाचा भाऊ. पेणला असतो. अंगाने भरपूर. घरात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून त्याची सोय कल्याणला एका लॉजवर केली होती. त्या लॉजवर दोन अरुंद खाटा जोडून वर एकच चादर घालायची पद्धत. दोन मित्र आले तर खाटा वेगळ्या, नवरा-बायको आली तर खाटा जोडून. खाटांना खाली चाकं. मामा दुपारी जेवून मधोमध आडवा झाला. खाटा हळूहळू एकमेकींपासून लांब गेल्या आणि मामा चादरीसकट मधल्या फटीत उतरला. तिथे असा घट्ट बसला की हात वर होईना, फोन खिशात वाजतोय आणि काढता येईना. इकडे मामाच्या हातची हळद लागल्याशिवाय पुढचं काही होईना. बेंजोवाले वाजवून वाजवून दमले. शेवटी लॉजवाल्याने खाटा ढकलून त्याला मोकळा केला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

माझा मुलगा हितेश हळद भरल्या हातांनीच म्हणाला, "बस झालं. आपलं घर पाडतो आणि हॉटेल बांधतो. एवढी जागा आहे, स्टेशन जवळ आहे. माझ्या हॉटेलात कुणाचा मेव्हणा फटीत पडणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्याने नाही वाजवल्या. त्यांचं नाव भिवा. तोंडाने मी कधी घेतलं नाही, लिहायला हरकत नाही.

भिवा म्हणाले, "घर पार. मी कुठं नाय बोलतंव? पन माझी नाल पुरलीय तिथं पलंग टाकायचा. मी मरन तं त्याच जागी मरन."

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची नाळ घरातच पुरायचे. भिवांची नाळ माजघरात, भिंतीकडच्या बाजूला पुरलेली. त्यांच्या आईने त्यांना ती जागा दाखवून ठेवली होती, आणि लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला. इतर नवरे बायकोला काय काय दाखवतात, यांनी मला शेणाने सारवलेल्या भुईचा तुकडा दाखवला आणि म्हणाले, "हितं पाय नको देऊ." साठ वर्षं मी तिथे पाय दिला नाही. मिठागरं गेली, शेतं गेली, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, भिवांनी कशाबद्दल तक्रार केली नाही. तेवढा तुकडा मात्र त्यांनी मनात धरून ठेवला होता. माझी नाळ माहेरी भोपरला पुरलेली. तिथे आता गाड्या धुण्याचं दुकान आहे. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

हितेशने शब्द दिला. बापाचा एवढा एक हट्ट, त्यात काय मोठं, असं त्याला वाटलं.

हॉटेलच्या खोल्यांचा आराखडा करायला ठाण्याच्या एक मॅडम होत्या, दिशा नावाच्या. मुलगी हुशार. तिने याआधी बरीच हॉटेलं केली होती. आमच्या ओटीवर कागद पसरून तिने समजावून सांगितलं. दार उघडलं की लगेच बाजूला बाथरूम, मग आत पलंग, पलीकडे खिडकी. हॉटेलांमध्ये असंच का असतं? तर पाण्याचे आणि मैल्याचे पाइप व्हरांड्याच्या बाजूने सरळ खाली जातात. बिघडलं तर पाहुण्याला न उठवता दुरुस्त करता येतं. शिवाय खिडकीचा उजेड माणसाला मिळतो, कमोडला नाही. पलंग सहा बाय साडेसहा. त्याहून लहान दिला तर पाहुणा कुरकुरतो, त्याहून मोठा दिला तर चालायला जागा राहत नाही. प्रत्येक बाजूला माणूस उतरू शकेल एवढी वाट हवी. मला पटलं. इतकं नीट मला कुणी पूर्वी काही समजावलं नव्हतं.

भिवांनी तिला घरात नेलं आणि भुईवर बोट ठेवलं. दिशाने फीत लावून मोजलं, कागदावर बघितलं, पुन्हा मोजलं.

"काका, ही जागा बाथरूममध्ये येते."

"बाथरूममधी कुठं?"

दिशाने फीत गुंडाळली. "कमोडच्या खाली."

भिवांनी माझ्याकडे पाहिलं. "आवडे, ऐकलंस? जल्ला, मी संडासात मरू?"

"अवो, तिने मुद्दाम नाही केलं," मी म्हटलं.

"बाबा, एका खोलीचं बाथरूम हलवतो," हितेश म्हणाला. "एकशे एक नंबरचं."

दिशाने मान हलवली. एका खोलीचं हलत नाही. वरच्या मजल्याचा पाइप खालच्याच्या डोक्यावर येतो, आणि शेजारच्या दोन खोल्यांत मिळून पाइपांसाठी एकच मोरी. एकशे एकचं बाथरूम हललं की एकशे दोनचं हलतं, मग दोनशे एकचं, मग सगळ्यांचं. शेवटी तिने तेच केलं. सगळ्या हॉटेलातली बाथरूमं खिडकीकडे नेली आणि सगळे पलंग दाराकडे आणले. आता आमच्या हॉटेलातला सगळ्यात चांगला उजेड कमोडवर पडतो. तिथे बसलं की मुंब्र्याचा डोंगर दिसतो.

मग दुसरी अडचण. खाली गाड्या लावायला जागा सोडावी लागते, म्हणून खोल्या पहिल्या मजल्यापासून. हितेशला वाटलं, वडील आता म्हणतील की नाळ जमिनीत आणि मी हवेत कसा.

भिवा म्हणाले, "जमीन माझी तं वरची हवा पन माझी. नायतं वर बांधायला एफएसआय कशाचा देतंत? नाल खाली हाय, मी वर हाय, सरल रेषेत हाय. फक्त पलंगाखाली पोकल नको. मधी वारा नको शिरायला."

म्हणून पलंग पायांचा नाही, पेटीसारखा, जमिनीला टेकलेला करायचं ठरलं. दिशाला उलट बरं वाटलं. ती म्हणाली, हॉटेलवाले तसाच करतात, पाहुण्यांच्या चपला खाली जात नाहीत आणि झाडूही मारावा लागत नाही.

घर पाडायच्या आधी भिवांनी नायलॉनची दोरी आणली. घरातलं सगळंच जाणार होतं. राहणार होती ती फक्त बाजूची भिंत, धोंडीबाच्या कंपाउंडची. धोंडीबा त्यांचा चुलतभाऊ. भिंतीच्या मुळापासून नाळेच्या जागेपर्यंत दोरी ताणून भिवांनी गाठ मारली आणि ती दोरी उशाखाली ठेवून भाड्याच्या घरात झोपू लागले.

घर पाडताना जेसीबीचा धक्का लागला आणि धोंडीबाची भिंत पडली. आमच्या गावात पडलेली भिंत परत उभी राहते, पण त्याच जागी उभी राहिलेली मी अजून पाहिली नाही. आम्ही दिशाच्या ऑफिसात ठाण्याला गेलो होतो, परत आलो तर भिंत तयार, वर निळा रंगसुद्धा. त्या गडबडीत कुणी काही मोजलं नाही. इमारत झाली, पहिला स्लॅब पडला, तेव्हा भिवांनी गाठीची दोरी काढली. नव्या भिंतीपासून ताणली. खाली खूण केली, पाइपसाठी ठेवलेल्या भोकातून ओळंबा सोडून ती खूण वर आणली आणि एकशे एकमध्ये लाल ऑइलपेंटने गोल काढला. गोल कोरडा होईपर्यंत ते तिथे स्टूल टाकून बसले.

वागळे इस्टेटमधून नमुन्याचा एक पलंग आला. सहा बाय साडेसहा, पेटीचा. तो गोलावर बसवला. भिवा त्याच्यावर आडवे झाले, डोळे मिटले आणि हात छातीवर ठेवले.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"बरा हाय. आता कदी पन."

भाऊबंदांना पलंग बघायला बोलावलं. बायका गादी दाबून बघत होत्या. धोंडीबा सगळ्यांच्या शेवटी आला. पलंगाकडे बघितलं आणि त्याला घाम फुटला. पंखा लावला तरी घाम जाईना. लोक गेले तरी तो जाईना.

"भिवादादा," तो म्हणाला, "मी काय बोलत नाय. पन मी तुझ्या जागी असतू तं जरा तिकरं झोपलू असतू."

"तिकरं म्हंजे?"

"तिकरं. माझ्या बाजूला. भितीच्या जवल."

हितेश खुर्चीतून उठला. "काका, भिंत सरकवलीत?"

"मी असं बोललू? आवडावहिनी, मी असं बोललू? भित भितीच्या जागी हाय. सातबाऱ्यावर बघ. मी फक्त बोलतंव, मानसाला मरायचंय तं त्यानी नीट बघून मरावं."

"किती सरकवली?"

"गप ऱ्हा तू, हितेश," भिवा म्हणाले. ते पलंगावरून उतरून धोंडीबासमोर उभे राहिले होते. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुरात बांध फुटला तेव्हाही नाही. "धोंडू, माना जमीन नको. भित तुझी, आतली जागा पन तुझी. फक्त किती तं सांग. माझा जीव भलत्या जागी जाईल रं."

धोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडाने बोलला असता तर हितेशने दुसऱ्या दिवशी मोजणीवाला आणला असता. म्हणून त्याने बोलायचं टाळून दोन्ही हात समोर धरले, मासा केवढा होता ते दाखवतात तसे. भिवांच्या तोंडाकडे बघितलं की हात लांब जायचे. हितेशच्या तोंडाकडे बघितलं की जवळ यायचे. असं बराच वेळ चाललं. दिशा फीत घेऊन मध्ये उभी. तिने जवळात जवळ आणि लांबात लांब अशी दोन्ही मापं घेतली.

"काका, नक्की जागा यांच्या मधे कुठंतरी आहे," ती म्हणाली. "पलंग एवढा रुंद केला तर सगळं त्यात येतं."

भिवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं, पण हितेशच म्हणाला की आत्याला विचारून एकदाचं पक्कं करू. भिवांची थोरली बहीण गोदूबाई. नाळ पुरली तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती आणि जवळ उभी होती. तिला रिक्षातून आणली, दोन माणसांनी धरून जिना चढवला. पलंग सरकवून तिला लाल गोल दाखवला, तो बघून तिने तोंड वाकडं केलं.

"ही जागा नाय."

"आक्का, आयनी माना दाखवली होती."

"आयनी तुला दाखवली, मी डोल्यानी बघितली. जात्याच्या पायथ्याला पुरली. हितं तं मडकी होती. भिव्या, तू मडक्यांच्या जागी मरतंस?"

"जातं कुठं होतं?"

गोदूबाईने काठी उचलून दाखवली. काठी थरथरत होती, त्यामुळे जातं बाथरूमच्या भिंतीपासून दारापर्यंत कुठेही असू शकलं असतं. मग ती दमली आणि नमुन्याच्या पलंगावर आडवी झाली. लगेच घोरायला लागली. उठल्यावर म्हणाली, जागा हीच असंल, झोप चांगली लागली. पण तोपर्यंत भिवांच्या मनात जातं बसलं होतं. धोंडीबामुळे पलंग रुंद झाला होता, गोदूबाईमुळे लांब झाला.

दिशाने नवा कागद काढला. पलंग आता दाराच्या चौकटीपासून बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होता. वाट कुठेच नव्हती. दार आत उघडेना म्हणून ते बाहेर उघडायचं ठरलं. पाहुण्याने दार उघडायचं, चपला व्हरांड्यात काढायच्या, गादीवर चढायचं, आणि बाथरूमला जायचं तर गादीवरूनच चालत जायचं.

"मॅडम, हे हॉटेल आहे का?" हितेशने विचारलं.

"खोली आहे, पलंग आहे, बाथरूम आहे," दिशा म्हणाली. "फक्त जमीन नाही."

हितेशला वाटलं होतं, असा पलंग फक्त एकशे एकमध्ये राहील. वागळे इस्टेटमध्ये गाद्यांचा कारखाना चालवणारा ऋतुराज म्हणून एक तरुण होता, त्याने तोही मार्ग बंद केला. एवढी एक गादी शिवायला त्याला वेगळं टेबल लावावं लागणार होतं. एका गादीसाठी तो लावेना. दोन गाद्या जोडून देतो म्हणाला. भिवा कारखान्यात सोबत आलेले. त्यांनी ऋतुराजला विचारलं, "आन माझी जागा शिवणीत आली तं?" ऋतुराजने जोडगादीचं माप खोडलं. त्याशिवाय धोब्याने सांगितलं की चादरी सगळ्या एका मापाच्या पाहिजेत. एकाच खोलीची चादर वेगळी असली की ती कधीच त्या खोलीला मिळत नाही, ती नेहमी दुसऱ्या खोलीत अर्धी लोंबत असते. दिशानेही मान डोलावली, हॉटेलांमध्ये पलंग एकाच मापाचे असण्याचं निम्मं कारण धोबी असतो म्हणे. तेव्हा सगळ्या खोल्यांत तोच पलंग आला. चादर वाळत घालायची तर आमच्या गच्चीवर एका वेळी एकच मावते.

२०२४ च्या गुढीपाडव्याला हॉटेल सुरू झालं. कंपनीचे लोक यायचे, ते पहिल्या दिवशी गोंधळायचे. एकजण बुटांसकट दारात उभा राहून मायाला विचारत होता, "मॅडम, रूम कुठे आहे?" माया म्हणाली, "हीच. चढा." रात्री मोबाइल गादीच्या दुसऱ्या टोकाला राहिला तर रांगत जावं लागतं, अशी एकाने लेखी तक्रार केली.

पण लग्नाची माणसं आली आणि चित्र पालटलं. एका पलंगावर आजी-आजोबा, लेक-जावई आणि पोरं, सगळी ओळीने. कुणी पडायचं नाव नाही, कारण पडायला जागाच नाही. मधोमध पाट ठेवून जेवायची, पत्ते खेळायची. समृद्धीचा मामा येऊन झोपून गेला. सकाळी म्हणाला, "ताई, मी चारी दिशांना लोळून बघितलं, कडा सापडली नाही." शिळ रोडवरचा एक हॉटेलवाला फीत घेऊन आला आणि गुपचूप मापं नेऊ लागला. हितेशने त्याला पकडलं तर तो म्हणाला, "साहेब, हे माप कसं काढलंत, त्यामागचा विचार काय, तेवढं सांगा." हितेशने त्याला चहा दिला. सांगितलं काही नाही.

भिवांना यातल्या कशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त एकशे एक हवी होती, आणि ती नेहमी भरलेली. खोली बंद ठेवायला हितेश तयार होता, पण नोंदणी मोबाइलवरून व्हायची. खोली आधी धरून ठेवायची तर मशीन विचारायचं, किती रात्री? हितेश वडिलांना विचारायचा, "बाबा, किती रात्री टाकू?" भिवा म्हणायचे, "ते माना काय ठावं?" मशीनला तसं उत्तर चालत नसे.

पावसाळ्यात त्यांना ताप भरला. उठून बसले, धोतर बदललं, कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाले, "चल आवडे, येल झाली." भाड्याच्या घरातून आम्ही रिक्षा करून हॉटेलवर गेलो. एकशे एकमध्ये नागपूरचे एक इंजिनिअर महिनाभरासाठी उतरले होते. भिवांनी दार वाजवलं. त्यांनी दाढीला फेस लावलेला, गादीवरून चालत येऊन दार उघडलं.

"साहेब, तुमाला किती येल लागंल?"

"कशाला?"

"माना मरायचंय. हितंच मरायचंय. घाई नाय, तुमची दारी होऊंद्या."

इंजिनिअर भला माणूस. त्याने घड्याळ बघितलं. "काका, चेकआउट बाराचं आहे. पण मी एकतीस तारखेपर्यंत आहे. तुम्हाला चालत असेल तर या ना, पलंग मोठा आहे. मी तिकडच्या कोपऱ्यात लॅपटॉपवर बसतो."

आणि भिवा चढले. मीही चढले, काय करणार. इंजिनिअर एका कोपऱ्यात काम करत होता, भिवा गोलाच्या जागी हात छातीवर ठेवून पडले होते, आणि मी मध्ये पाय दुमडून बसले होते. थोड्या वेळाने भिवा उठून जात्याच्या जागी गेले. मग धोंडीबाच्या हातांच्या मधल्या जागी. दर थोड्या वेळाने जागा बदलायचे, जीव कधी जाईल काय सांगावं, एकाच जागी पडून राहिलं आणि ती चुकीची निघाली तर. एवढी हालचाल केल्यावर घाम आला आणि ताप उतरला. दुपारी इंजिनिअरने तिघांसाठी पोहे मागवले. पोहे खाऊन आम्ही घरी आलो.

असं पुन्हा दोनदा झालं. एकदा लग्नाचं वऱ्हाड होतं, त्यांनी पत्ते बाजूला करून जागा करून दिली. हॉटेलातली मुलं भिवा आले की विचारायची, "बाबा, आज का?" भिवा म्हणायचे, "बघू."

त्यानंतरच्या माघात मात्र दोन पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागायला लागली. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी हितेशला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या आणि ते मागतील ते द्या. हितेश केबिनमधून बाहेर आला तेव्हा तोंड धुऊन आला होता. त्याने मोबाइल काढला आणि एकशे एकला, मशीन जास्तीत जास्त घेईल तेवढ्या रात्री टाकल्या.

आम्ही दोघं राहायला गेलो. साठ वर्षांच्या संसारात आम्ही कधी पलंगावर झोपलो नव्हतो. ते ओटीवर, मी आत पोरांजवळ. पहिल्या दिवशी मला एवढ्या मोठ्या गादीवर कुठे पडावं कळेना. भिवा त्यांच्या जागांवर, म्हणजे धोंडीबाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागात. मी त्यांच्या वाटेत नको म्हणून दुसऱ्या टोकाला, बाथरूमच्या उंबऱ्याशी. मधलं अंतर एवढं की मला त्यांचा खोकला ऐकू येत होता, बोलणं नाही. काही हवं असलं तर ते काठीने गादी ठोकायचे. मग मी रांगत जायची, पाणी द्यायची, रांगत परत यायची. ओटी आणि माजघर यांत यापेक्षा कमी अंतर होतं.

धोंडीबा रोज यायचा. आत चढायचा नाही, व्हरांड्यात बाकड्यावर बसायचा. मी बाहेर आले की विचारायचा, "वहिनी, भिवादादा कुठल्या बाजूला हाय?" मी सांगायची. तो म्हणायचा, "अजून जरा तिकरं घेऊंदे." असं सांगता सांगता एक दिवस त्याचं त्यालाच राहवलं नाही. तो उठून दारात आला आणि चांगलं मोठ्याने म्हणाला, "दीड हात! भिवादादा, बरोबर दीड हात सरकवली मी! जा, सांग हितेशला, काय करायचं ते करूंदे!"

हितेश जिन्यातच होता. त्याने ऐकलं. तो खाली गेला, फीत घेऊन आला, आणि गादी, खालची फळी वर करून लाल गोलापासून दीड हात मोजून नवी खूण केली. भिवांना आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्यावर सरकवलं. एवढी वर्षं जिथे पाय दिला नव्हता ती जागा आता नेमकी त्यांच्या पाठीखाली होती. जात्याची गोष्ट त्यांनी सोडून दिली. आक्का तेव्हा लहान होती, म्हणाले.

त्यांना बरं वाटत असणार. दोन दिवस ते हलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी हितेश जेवायला घरी गेला होता. काठी ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी बघितलं तर भिवा उठून बसले होते आणि हाताच्या पंज्यांवर जोर देत गादीवरून माझ्याकडे येत होते. मी ओरडले, "अवो, कुठं चाललात? जागा सुटली तुमची!"

ते थांबत थांबत आले. माझ्या उशीला हात लागल्यावर श्वास घेतला.

"तिथं एशीचा वारा लागतं," ते म्हणाले. "मान आखडली. सरक."

"एसी बंद करते ना. तुम्ही परत जा. हितेशला बोलावते, तो नेऊन ठेवेल."

"सरक, आवडे. जरा जागा दे."

एवढा मोठा पलंग. अख्खं लग्नाचं वऱ्हाड मावेल एवढी जागा त्यांच्या मागे रिकामी होती. मी सरकले. तिकडे बाथरूमची भिंतच होती, मी तिला टेकले. ते माझ्या उशीवर डोकं ठेवून कुशीवर पडले आणि पाय माझ्या पायांना लावले. पाय गार होते. मी त्यांच्यावर चादर ओढली, ती ओढता ओढता मलाच धाप लागली. बाथरूमचं दार उघडं होतं आणि डोंगर दिसत होता.

हितेश आला तेव्हा दारातूनच कळलं त्याला. तो चपला न काढता गादीवर चढला. धोंडीबा व्हरांड्यातून विचारत होता, "वहिनी, जागेवर होतं ना? जागेवर गेला ना माझा भाव?"

हितेश माझ्याकडे बघत होता. एका बाजूने तू धर, एका बाजूने मी, त्यांना खुणेवर नेऊन ठेवू, असं त्याच्या तोंडावर होतं. त्याने हातही पुढे केला. मी त्याचा हात धरला.

"नको," मी म्हटलं. "ते स्वतः आलेत इकडे."

मग दाराकडे तोंड करून धोंडीबाला सांगितलं, "नाही भाऊजी. जागेवर नव्हते. माझ्याजवळ होते."

माझे पती भिवा पदू केणे गुरुवारी, ६ मार्च २०२५ रोजी दुपारी, कोपरला आमच्या हॉटेलातल्या एकशे एक नंबरच्या खोलीत, पलंगाच्या बाथरूमकडच्या बाजूला वारले.